जुन्या व्हॅनचा ऑइल पंप: दुरुस्ती की नवा?

पंपाच्या कव्हरवर आतल्या गिअरच्या घर्षणाने नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तर ते काचेवर एमरी पेपर ठेवून सपाट घासता येतं. मग गिअरवर पट्टी आडवी धरून मधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) घाला. बऱ्याच गिअर पंपांत ०.१० मिमीपर्यंत फट चालते. त्याहून जास्त असली की गरम, पातळ तेल आतल्या आत मागे फिरतं आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) तेलाचं प्रेशर कमी होतं.

बॉडीच आतून ओरखडली असेल तर दुरुस्तीचा नाद सोडा, नवाच घ्या. मात्र नवा पंप कोरडा बसवू नका. तेल भरून हाताने फिरवा, नाहीतर तो तेल ओढत नाही. दुरुस्ती असो वा नवा पंप, सक्शन पाइपची (तेल ओढणाऱ्या नळीची) रबरी ओ-रिंग दोन्ही वेळी बदला. कडक झालेली रिंग हवा ओढते, आणि दोष विनाकारण पंपावर येतो!