न्यूटची अंडी: टाकीतच ठेवायची, वेगळ्या डब्यात की एकेक वाटीत?

न्यूट म्हणजे सरड्यासारखा दिसणारा, पाण्यात अंडी घालणारा उभयचर. त्याची अंडी मूळ टाकीतच ठेवली तर कष्ट शून्य, पण हाती फारसं लागत नाही. न्यूटची मादी पानाची घडी घालून त्यात एकेक अंडं चिकटवते, आणि तीच मादी पुढे दिसेल ते अंडं खाते. त्यातून वाचलेली पिल्लं फिल्टर ओढून घेतो. दाट झाडी आणि मोजकेच न्यूट असतील तर चार-दोन वाचतात, एवढंच.

वेगळा डबा हा बहुतेकांसाठी योग्य मार्ग. अंडं पानावरून सोलू नका, जेलीचं आवरण फाटतं. पानच कात्रीने कापून हलवा. ५ ते ८ सेंमी पाणी, क्लोरीन उतरवलेलं आणि मूळ टाकीइतक्याच तापमानाचं. बऱ्याच जातींना १८ ते २० अंश मानवतात. एक-दोन दिवसांआड तिसरा हिस्सा पाणी बदला. एअरस्टोन लावलात तर बुडबुडे अगदी मंद ठेवा. खरा धोका दाटीचा: एक मेलेलं अंडं कुजलं की बुरशीचे धागे शेजारच्यांवर चढतात. म्हणून अंड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा आणि रोज नजर टाका.

एकेक वाटीत बुरशी पसरत नाही आणि प्रत्येक अंड्याचा हिशेब राहतो. पण चाळीस वाट्यांचं पाणी बदलायला बसलं की उत्साह मावळतो. अंडी दहा-बाराच असतील किंवा जात दुर्मीळ असेल, तरच याच्या वाटेला जा.

फलित आहे का, हे पहिल्या दिवशी नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. भिंगातून पाहिलं तर एक-दोन दिवसांत गोळ्यावर विभाजनाच्या रेघा दिसू शकतात. आठवड्याभरात गोल आकार लांबट, मग घेवड्याच्या दाण्यासारखा वाकडा झाला की शंका संपली. पुढे कल्ल्यांचे कोंब, डोळे आणि हालचाल. थंड पाण्यात हे सगळं लांबतं. अफलित अंडं गोलच राहतं, गढूळ होतं, मग त्यावर कापसासारखी बुरशी येते. तोवर टाकू नका.

रंगावरून निकाल देणं मात्र फसवं. पोटाशी लाल असणाऱ्या सिनॉप्स जातीच्या न्यूटचं अंडं तपकिरी, तर तुऱ्याच्या न्यूटचं निरोगी अंडंही फिकट पांढुरकं असतं. या तुऱ्याच्या जातीत आणखी एक मेख आहे: गुणसूत्रांतल्या दोषामुळे सुमारे निम्मे फलित गर्भ शेपटीचा कोंब फुटण्याच्या सुमारास मरतातच. तिथे पाण्याला किंवा स्वतःला दोष देऊ नका. नर नसताना घातलेली अंडीही लगेच फेकू नका; मादी शुक्राणू महिनोन्‌महिने साठवते.

दोन ते चार आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात. पहिले दोन-तीन दिवस ती पोटातल्या बलकावर जगतात, पण नंतर हलतं भक्ष्यच लागतं. त्यामुळे आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जलचराची) अंडी आधीच भिजत घालावी लागतात.