ऑटोमॅटिक डिझेल पिकअप: कूलर, ओव्हरहॉल की दुसरा बॉक्स?

माझ्या ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स घाटात तापला, काय करावं असं तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. भोसरीचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, ऑइल बदला, वेगळा कूलर लावा आणि निवांत गाडी चालवा." वाकडच्या ट्यूनिंगवाल्या पोरानं टॉर्क कन्व्हर्टर, क्लचप्लेटा, व्हॉल्व्ह बॉडी असे बॉक्सच्या आतले सगळेच भाग तगडे टाकायचं कोटेशन व्हॉट्सॲपवर धाडलं. तिसऱ्याचं म्हणणं सगळ्यात सोपं: "टोटल लॉस गाडीचा अख्खा बॉक्स पडलाय माझ्याकडं. सोमवारी गाडी आणा, बुधवारी घेऊन जा."

पंचाईत अशी की तिघांचंही चुकीचं नव्हतं. प्रत्येकाचं उत्तर कुणाच्या ना कुणाच्या गाडीला लागू पडतंच. आपली गाडी त्यातली कुठली, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

माझा नर्सरीचा धंदा. उरुळी कांचनहून कुंड्या, माती आणि पुरुषभर उंचीची झाडं भरायची आणि मुळशी, भोर, पाचगणीच्या बंगल्यांवर पोचवायची. मागच्या मे महिन्यात वाई सोडून पसरणी घाट चढताना डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला. चूक माझीच होती. आदल्या रात्री भिजलेली माती भरली होती आणि ओल्या मातीच्या पोत्याचं वजन हातानं अजमावायचा आळस केला होता. गाडी कडेला घेतली, पार्कमध्ये टाकली, पण इंजिन बंद केलं नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. इंजिन बंद केलं की ऑइलचा पंपही थांबतो आणि तापलेलं ऑइल आतच बसून राहतं. वीस मिनिटांनी दिवा गेला. डोक्यातला विचार मात्र गेला नाही.

आधी गरमीचं कारण

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलानं भरलेल्या डब्यात समोरासमोर बसवलेले दोन पंखे. एक इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. गाडी जागेवरून उचलताना मधल्या स्टेटरमुळे (तेलाला दिशा देणाऱ्या चक्रामुळे) इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण दुप्पट होऊन पुढे जातो. म्हणून तर भरलेली ऑटोमॅटिक गाडी चढावर न कुरकुरता निघते. पण दोन पंख्यांच्या वेगात फरक आहे तोवर मधलं तेल रवीखालच्या ताकासारखं घुसळलं जातं, आणि ती घुसळण म्हणजे उष्णता. वेग जमला की आतला लॉक-अप क्लच बसतो, दोन्ही पंखे एकत्र फिरतात आणि घुसळण थांबते. सोलापूर रस्त्यावर ऐंशीच्या वेगानं तासभर गेलात तरी बॉक्स शांत असतो तो त्यामुळे. पसरणीची वळणं, वरंधा, नाहीतर संध्याकाळी सातचं हिंजवडी, इथे लॉक-अप फारसा बसतच नाही आणि समोरून वाराही नाही.

साधारण ८० ते ९५ अंश हे या ऑइलचं घर. १२० च्या वर ते झपाट्यानं सडतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइलचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा मिस्त्री लोकांचा आणि तेलवाल्यांचाही जुना ठोकताळा आहे. म्हणजे क्लचप्लेट जळायच्या आधी ऑइल मेलेलं असतं.

"ऑटोमॅटिक नाजूक, ओझं वाहायला मॅन्युअलच हवी" हे आपल्याकडे अजूनही ऐकू येतं. टोयोटानं २०२२ मध्ये हायलक्स भारतात आणली, तेव्हा त्याच २.८ लिटर डिझेल इंजिनाला मॅन्युअलसोबत ४२० न्यूटन मीटर टॉर्क दिला आणि ऑटोमॅटिकसोबत ५००. बॉक्स नाजूक असता तर कंपनीनं उलटं केलं असतं.

ऑइल आणि कूलर

तिन्हींत सगळ्यात स्वस्त पर्याय हा. खर्च हजारांत, लाखात नाही. बॉक्स घसरत नसेल, झटके मारत नसेल आणि तक्रार फक्त तापण्याची असेल, तर इथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ गाडीत बहुतेक वेळा गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या पाण्यावर थंड होतं. घाटात ते पाणीच तापलेलं, तर ते काय थंड करणार? वेगळा कूलर एसीच्या कंडेन्सरपुढे बसतो आणि रेडिएटरमधून आलेलं ऑइल पुन्हा हवेवर थंड करतो. नळीला पंख लावलेल्या कूलरपेक्षा एकावर एक पातळ पत्रे रचलेला प्लेट टाइप जास्त कामाचा. एसीचा पंखा त्यातूनही हवा ओढतो, म्हणून ट्रॅफिकमध्येही फायदा होतो.

यात धोका एकच, पण मोठा: पाइप. डिझेलचा पाइप इथे चालत नाही. गरम एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) झेलणाराच पाइप हवा, आणि तो बंपरच्या पत्र्यावर घासणार नाही असा बांधलेला हवा. घाटात पाइप फुटला तर चार-पाच मिनिटांत ऑइल रस्त्यावर आणि बॉक्स भंगारात. फिटिंगवाल्याला पैसे देण्यापूर्वी गाडी रॅम्पवर चढवायला लावा आणि टॉर्च मारून स्वतः बघा.

ऑइल बदलण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण अर्धे बॉक्स इथेच बिघडतात. खालचा बोल्ट काढून जेवढं निघतं ते एकूण ऑइलच्या निम्म्याहूनही कमी असतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काढायचं, भरायचं, थोडे दिवस चालवायचं आणि पुन्हा काढायचं, असं दोन-तीनदा करावं लागतं. मशिन लावून जोरात फ्लश मारायला कुणी सांगितलं आणि तुमची गाडी लाखभर किलोमीटर चाललेली असली, तर हात जोडा. ग्रेड कंपनीनं सांगितलेलीच. "हे सगळ्यांत चालतं" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. आणि बऱ्याच नव्या बॉक्सना डिपस्टिकच नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावर लेव्हलचा बोल्ट उघडून मोजायचं असतं. एका गॅरेजनं (नाव नको) माझं थंड बॉक्सवर मोजलं आणि मी आठवडाभर जास्त ऑइल घालून फिरलो.

ऑइल पॅन उघडली की मिस्त्रींच्या शेजारी उभे राहा. पॅनच्या तळाला लोहचुंबकाचे तुकडे असतात. त्यावर काळपट राखाडी, बोटाला गंधासारखा लागणारा लेप असेल तर तो नेहमीच्या झिजेचा. त्यात चमचम दिसली, टोचेल असा कीस सापडला किंवा ऑइलला करपलेला वास असला, तर कूलरचा विषय संपला. मग पुढचा पर्याय वाचा.

खोलून तगडं करणं

याचे दोन प्रकार आहेत आणि कोटेशनमध्ये ते मुद्दाम एकत्र केलेले असतात. एक, झिजलेलं बदलून बॉक्स मूळ ताकदीला आणणं. दोन, मूळ ताकदीच्या वर नेणं.

पहिला प्रकार घसरणाऱ्या बॉक्सला लागतोच. इंजिन रेस होतं पण गाडी ओढत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जाताना मध्येच अधांतरी वाटतं, ही त्याची लक्षणं. क्लचप्लेटा, सील, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह) बदलायचे आणि व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे ऑइलचं प्रेशर हव्या त्या क्लचकडे धाडणारा भाग, तपासायची. ॲल्युमिनियमच्या त्या चक्रव्यूहात छोटे व्हॉल्व्ह सतत मागंपुढं होऊन भोकं झिजवतात. तिथून प्रेशर गळतं आणि नव्या प्लेटाही पुन्हा जळतात. म्हणून ज्या कोटेशनमध्ये व्हॉल्व्ह बॉडीचं नावच नाही, ते स्वस्त असलं तरी बाजूला ठेवा. कन्व्हर्टर खोलून साफ करणार की तसाच बसवणार, हेही विचारा. जुन्या बॉक्सचा कीस त्यातच साठलेला असतो.

दुसरा प्रकार म्हणजे अमेरिकन व्हिडिओंचा. तिकडे जनरल मोटर्सच्या पिकअपमधल्या ६.६ लिटरच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाला २००१ मध्ये ॲलिसन कंपनीचा बॉक्स आला. त्या इंजिनाचा तेव्हाचा मूळ टॉर्कच ७०० न्यूटन मीटरच्या घरात, त्यावर लोक ट्यूनिंग करतात आणि मागे पाच-सहा टनांचा ट्रेलर ओढतात. तीन प्लेटांचा लॉक-अप, बिलेट (अखंड धातूतून कोरलेला) कन्व्हर्टर हे त्यांच्यासाठी बनलंय. आपल्याकडच्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपचं १.९ लिटर इंजिन ३६० न्यूटन मीटरचं. त्याला ते किट लावणं म्हणजे लुनाला ट्रॅक्टरचं टायर लावण्यासारखं आहे.

इंजिन रीमॅप केलेलं (कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेलं) असेल तर मात्र गोष्ट वेगळी होते, आणि पुण्यात रीमॅप केलेल्या गाड्या काही कमी नाहीत. आजचा गिअरबॉक्स स्वतः टॉर्क मोजत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर त्याला सांगतो, "आत्ता एवढा टॉर्क येतोय," आणि त्यानुसार बॉक्स क्लचवरचं प्रेशर ठरवतो. घाईघाईचा रीमॅप टॉर्क वाढवतो, पण बॉक्सला आकडा जुनाच कळतो. मग बॉक्स कमी प्रेशरनं क्लच धरतो, क्लच किंचित घसरतो, ओव्हरटेकला मजा येते आणि वर्षभरात प्लेटा करपतात. दोष बॉक्सला लागतो. म्हणून रीमॅप असेल तर आधी गिअरबॉक्सचं ट्यूनिंग इंजिनशी जुळवा: प्रेशर थोडं वाढवून, लॉक-अप थोडा लवकर बसवून. फार लवकर बसवला तर कमी आरपीएमला डिझेल गाडी घरघरते, म्हणून "थोडा". जास्त ताकदीच्या प्लेटा त्यानंतर. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर यातलं काहीच करू नका.

रीमॅपचा विषय निघालाच आहे म्हणून: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. बॉक्समध्ये मूळ मापाच्या प्लेटा टाकणं म्हणजे दुरुस्ती. इंजिनची ताकद वाढवणं हा वेगळा मामला, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनी तो मुद्दा काढू शकते.

दुसरा बॉक्स

दोन दिवसांत गाडी रस्त्यावर, हा याचा खरा फायदा. रोज गाडीवर पोट असणाऱ्याला तो कमी नाही. पण टोटल लॉस गाडीचा बॉक्स म्हणजे पुलाखालून किती पाणी गेलंय ते माहीत नसलेला माल. पार्ट नंबर जुळायला हवा. फोर बाय टू आणि फोर बाय फोरचे बॉक्स मागच्या बाजूला वेगळे असतात. बसवल्यावर स्कॅनर लावून नवं ॲडॅप्टेशन (बॉक्स गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळवणं) करून द्यायला हवं, बऱ्याच बॉक्सना सोलेनॉइडचा कॅलिब्रेशन कोडही भरावा लागतो. "चालवा, आपोआप सेट होतो" म्हणणाऱ्याकडून बॉक्स घेऊ नका. भंगार व्यवहाराचं बिल नसेल तरीही घेऊ नका. कंपनीचा नवाकोरा बॉक्स घेतला तर ही सगळी काळजी मिटते, पण जुन्या गाडीच्या विक्रीच्या किमतीशी तो आकडा एकदा ताडून बघा.

मग कुणी काय करावं

इंजिन मूळ अवस्थेत, बॉक्स घसरत नाही, घाटात तापतो: ऑइल आणि कूलर. घसरतो, पण बाकी गाडी धडधाकट आणि अजून पाच वर्षं ठेवायचीय: मूळ मापाचं पूर्ण ओव्हरहॉल आणि जोडीला कूलर. रीमॅप करून ट्रेलर ओढायचाय: ट्यूनिंग, तगड्या प्लेटा, कूलर, आणि खिसा मोकळा. वर्षभरात गाडी विकायचीय: कागदपत्रांसकटचा जुना बॉक्स, तोही ओळखीतून.

फुकटचा उपाय मात्र या सगळ्यांआधी करून बघा. चढावर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरला की बॉक्सची वरखाली शोधाशोध थांबते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरतानाही तेच, ब्रेक वाचतात ते वेगळं.

मी मिस्त्रींचं ऐकलं. आमच्या चुंबकावर लेपच होता, कीस नव्हता. कूलर बसवल्यापासून दोनदा पसरणी चढलो, स्कॅनरवर ऑइल शंभरच्या खाली राहिलं. माती आता सुकी भरतो. कूलरचा एक त्रास मात्र कुणी सांगितला नव्हता: पावसाळ्यात मुळशीच्या रस्त्याचा चिखल त्या पातळ पत्र्यांमध्ये गच्च बसतो. मग पुढची जाळी खोलून, प्रेशर कमी ठेवून, आतल्या बाजूनं बाहेर असं पाणी मारत बसावं लागतं.