खोबरं-शेंगदाणे की केळं-खजूर?

इंदूरहून ओंकारेश्वर सायकलनं सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. रामबागेतून पहाटे निघताना आमच्यात वाद ठरलेला: खिशात सुकं खोबरं-शेंगदाणे घ्यायचे की केळी-खजूर?

स्निग्ध पदार्थाची बाजू कागदावर भक्कम आहे. एका ग्रॅममागे 9 कॅलरी, पिठूळ-गोडातून फक्त 4. शिवाय अंगात साठलेली चरबी सडपातळ माणसालाही दिवसभर पुरते. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर, मात्र जोरात गेलं तर दोनेक तासांत संपत येतं. सपाटीवर, गप्पा मारत पॅडल मारताना शरीर बरंचसं चरबीवरच चालतं.

पण परतीचा भेरूघाट! चढावर दम लागतो तेव्हा प्राणवायू मोजका मिळतो, आणि तेवढ्याच प्राणवायूत चरबीपेक्षा साखर जास्त ऊर्जा देते. गेल्या वर्षी घाटाच्या पायथ्याशी मी मूठभर खोबरं खाल्लं. ते पोटात दगडासारखं बसलं, चढभर आंबट ढेकर येत राहिले. स्निग्ध पदार्थ जठरातून हळूच पुढे सरकतात, हे तेव्हा अंगाला कळलं.

2017 साली ऑस्ट्रेलियात चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल खेळाडूंवर अभ्यास झाला. स्निग्ध आहारानं त्यांची चरबी जाळण्याची क्षमता खूप वाढली, पण त्याच वेगाला प्राणवायू जास्त लागू लागला आणि शर्यतीची वेळ सुधारली नाही.

म्हणून घाटासाठी माझा कौल केळ्याला. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक-दोन केळी, वर खजूर. शेंगदाणे ओंकारेश्वरला पोहोचून, निवांत, नर्मदेकाठी.