त्रंदेझ की वर्दावार?

आर्मेनियातला एकच सण पाहायला मिळणार असेल, तर हिवाळ्यातला त्रंदेझ निवडावा की उन्हाळ्यातला वर्दावार?

वर्दावार ईस्टरनंतर 98 दिवसांनी, रविवारी येतो. चर्चमध्ये तो येशूच्या रूपांतराचा, म्हणजे शिष्यांसमोर त्याचं रूप तेजस्वी झालं त्या प्रसंगाचा सण. बाहेर मात्र राजधानी येरेवानच्या रस्त्यांवर मुलं बादल्या घेऊन दिसेल त्याला भिजवतात. अनोळखी पाहुणाही सुटत नाही. याची मुळं ख्रिस्तपूर्व काळातल्या अस्तघिक या प्रेमाच्या आणि पाण्याच्या देवीच्या पूजेत असल्याचं मानतात. मजा भरपूर, पण प्रार्थनेकडे लक्ष जाणं कठीण.

त्रंदेझ वेगळा. आर्मेनियन चर्च येशूचा जन्म आणि बाप्तिस्मा 6 जानेवारीला एकत्र साजरा करतं. तो दिवस धरून 40व्या दिवशी, 14 फेब्रुवारीला, बाळ येशूला मंदिरात नेल्याचा दिवस येतो. आदल्या संध्याकाळी उपासनेनंतर चर्चमधल्या ज्योतीवरून अंगणातली शेकोटी पेटवतात. नवविवाहित जोडपी हात धरून तिच्यावरून उडी मारतात. पूर्वी धूर कुठल्या दिशेला जातो यावरून पिकाचा अंदाज बांधत, राख शेतात टाकत. इथे वेदी आणि अंगण यांच्यात अंतरच उरत नाही, म्हणून मी त्रंदेझच निवडेन. सोबत लहान मुलं असतील तर मात्र वर्दावारच. फेब्रुवारीतली थंडी त्यांना झेपणार नाही.