शॉकअपचं सील: एक्स-रेची पट्टी की बाटलीची?

गोव्यात पंधरा दिवस रोज रायबंदरहून चोडणची फेरीबोट धरली आणि जूनअखेर माझ्या एफझेड मोटरसायकलच्या पुढच्या उजव्या शॉकअपच्या नळीवर तेलाचं कडं उमटलं. फेरीच्या उतारावरचा तांबडा चिखल उडतो आणि नेमका तिथेच बसतो. मिस्त्री अर्थातच म्हणाला, सील (आतलं तेल अडवणारी रबरी कडी) बदलूया. पण पुष्कळदा सील शाबूत असतं. त्याच्या ओठाखाली, म्हणजे नळीला टेकणाऱ्या कडेखाली, रेतीचा कण अडकतो आणि त्या फटीतून तेल झिरपतं. त्यावरचं धूळ अडवणारं डस्ट सील वर सरकवून, हुकासारखा आकडा कापलेली पातळ पट्टी आत घालून नळीभोवती फिरवली की कण बाहेर येतो.

मोशन प्रोचं सीलमेट नावाचं तयार हत्यार याचसाठी असतं. पण पावसातून एकदा-दोनदा लागणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी कुरियरची वाट कोण बघणार? घरात दोन वस्तू होत्या: आजोबांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे आणि कोल्ड्रिंकची बाटली. मी दोन्ही वापरून बघितल्या.

कापायला एक्स-रेच बरा, हे मान्य. सपाट, ताठ, कात्री सरळ चालते, आकडाही लवकर वाकत नाही. बाटलीच्या पट्टीचा आकडा दोन-तीन फेऱ्यांत मऊ पडतो, मग नवी कापा. एवढ्यावरच निवडायचं असतं तर मी इथे थांबलो असतो.

पण झालं असं, की एक्स-रेची पट्टी फिरवून काढली तर कडेला काळं. पुसली, पुन्हा फिरवली, पुन्हा काळं. किती माती साठलीय म्हणत अर्धा तास हेच चाललं. शेवटी पट्टी उजेडात धरली, तर गुडघ्याची वाटी निम्मी गायब! ते काळं मातीचं नव्हतंच, फिल्मवरचा थर खरवडून निघत होता. म्हणजे मी सील साफ करत होतो की आत नवा कचरा भरत होतो? ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवली तर थर सुटतो आणि खाली स्वच्छ निळसर पट्टी उरते, हेही करून पाहिलं. चालते छान. पण त्या वासावरून आईचं जे ऐकावं लागलं, ते सीलच्या किमतीपेक्षा महाग पडलं.

बाटलीची पट्टी आरपार दिसते. पहिल्या फेरीला आकड्यात तांबडी रेघ आणि एक रेतीचा कण. दुसऱ्या फेरीला रेघ फिकी. तिसऱ्या फेरीला नुसतं तेल. थांबायचं कधी ते डोळ्यांना कळतं, आणि माझ्या मते या कामात तेच कळायला हवं.

बाटली मात्र सोडावाली घ्या, पाण्याची फार लेचीपेची असते. मधल्या सरळ भागातून पट्टी उभी कापा, म्हणजे तिचा बाक नळीला आपोआप बिलगतो. कापलेली कड बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर तीच सीलला ओरखडे काढेल. ब्रेकच्या डिस्कवर आधी फडकं गुंडाळा. तेल ब्रेकवर गेलं तर भलताच खर्च. कॅमेऱ्याच्या जुन्या निगेटिव्हचं नाव बरेच जण घेतात, पण ती कडेच्या भोकांपाशी फाटते. फीलर गेजचं (फट मोजायच्या हत्याराचं) धातूचं पातं तर नकोच.

मी काही मिस्त्री नव्हे, हा एका गाडीचा अनुभव. खाऱ्या वाऱ्याने नळीला गंजाचे खड्डे पडले असतील तर कुठलीच पट्टी उपयोगाची नाही. ब्लीचचा वास घरात चालत असेल, तर एक्स-रेही वाईट नाही.

माझा शॉकअप त्यानंतर चवथीपर्यंत कोरडा होता. उरलेला गुडघा परत कपाटात ठेवलाय. आजोबांनी अजून मागितलेला नाही.