रतनगड ते हरिश्चंद्रगड रेंज ट्रेक: ग्रुपमध्ये कोणी कुठले शूज घालायचे?

दहा-बारा जणांचा ग्रुप जमला की टेंट, गॅस, शिधा सगळं वाटून घेतलं जातं, शूजचं मात्र ज्याचं त्याने बघायचं असतं आणि नेमका तिथेच घोळ होतो. सॅक जड झाली तर कोणीतरी दोन किलो सामान काढून घेतो, पण फोड आलेला पाय कोणी वाटून घेत नाही, मग अख्खा ग्रुप त्या एकाच्या चालीने सरकतो आणि पाचनईला, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या गावात, पोचायच्या आत अंधार.

उदाहरणाला रतनगड ते हरिश्चंद्रगडच धरू. रतनवाडीतून वर, शिड्या, नेढं (कातळातलं आरपार भोक), मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि वर हरिश्चंद्रगड, उतरायचं खिरेश्वरला. दोन-तीन मुक्काम, पाठीवर दहा-बारा किलो. जंगलातली मऊ वाट, ओढ्यातले गोटे, घसारा (सुट्या खड्या-मातीचा निसरडा उतार), लोखंडी शिड्या, उघडा कातळ, एकाच ट्रेकमध्ये सगळं आहे, त्यामुळे जो शू इथे चालला तो सह्याद्रीत बहुतेक ठिकाणी चालतो.

दुकानात सगळे आधी सोलचे दात बघतात. खोल दात म्हणजे भारी ग्रिप, असं डोक्यात बसलेलं असतं. चिखलात आणि मुरमाच्या उतारावर ते खरंय, दात रुततात. पण आपला कातळ म्हणजे बेसॉल्ट, आणि ओल्या कातळावर दात रुतायला जागाच नसते, तिथे चिकटतं ते रबर. कडक रबराचा सोल वर्षानुवर्षं टिकतो पण ओल्या दगडावर साबणावरून चालल्यासारखा सटकतो, मऊ रबर धरून ठेवतं पण लवकर झिजतं. दोन्ही एकदम मिळत नाही, म्हणजे स्वस्तात तरी नाही. सोलवर अंगठ्याचं नख दाबून बघा, जरा रुतलं तर बरं, प्लास्टिकसारखं टणक लागलं तर पावसाळ्यासाठी तो शू राहू दे. आणि शेवाळावर मात्र कुठलंच रबर चालत नाही हो, तिथे बसून उतरायचं, लाजायचं नाही.

आता एकेक बघू.

अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज. आपल्याकडच्या जुन्या भटक्यांचा ठरलेला ब्रँड, कारण एकच, कातळावरची पकड, आणि किंमत कॉलेजच्या पोरांना झेपणारी. दिसायला अगदीच साधे, वॉटरप्रूफ वगैरे भानगड नाही, आतलं कुशनिंग बेताचं. ज्यांचे पाय रुंद आहेत त्यांनी जाड मोजे घालूनच मापाचे बघावेत. ज्याला महिन्यातून एखादा किल्ला करायचाय आणि बजेट हजार-दीड हजारच्या आसपास आहे त्याने फार डोकं लावू नये, हेच घ्यावेत. वेगळं इनसोल टाकलं की लांब चालीलाही बरे पडतात.

ट्रेल रनिंग शूज म्हणजे जाळीवाले, हलके, जोडीचं वजन साधारण सहाशे ग्रॅम. दिवसभर चालायचं असेल तर हा फरक दुपारी तीननंतर मांड्यांना कळतो. भिजले तर पाणी जाळीतून बाहेर पडतं आणि चालता चालता बरेचसे सुकतात, पावसाळ्यात मला हेच सगळ्यात पटतात. तोटे पण आहेत. करवंदीचे आणि बाभळीचे काटे जाळीतून आत येतात, घसाऱ्यावर खडे शिरतात, आणि मऊ सोलमुळे गोट्यांवरून दिवसभर चाललं की तळवे ठणकतात, विशेषतः वजन जास्त असलेल्यांचे किंवा ज्याच्या सॅकमध्ये ग्रुपची भांडी आहेत त्याचे.

हाय अँकल वॉटरप्रूफ, चार-पाच हजारांपासून पुढे. नवीन लोक सगळ्यात आधी ह्यांच्याकडे वळतात. घोट्याला दगड-काटे लागत नाहीत, झाडीतून जाताना जिवाला बरं वाटतं, डिसेंबरच्या पहाटे दवाने ओल्या गवतातून चाललात तरी मोजे कोरडे. हिवाळ्यात वजन घेऊन चालणाऱ्याला किंवा हिमालयात बर्फात जाणार असाल तर पैसे वसूल. पण घोटा मुरगळणारच नाही अशी गॅरंटी कोणी घेऊ नये. आणि ऑगस्टमध्ये रतनवाडीच्या बाजूला ओढा गुडघाभर असतो, पाणी वरून आत शिरतं आणि जे वॉटरप्रूफ कापड बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तेच आतलं बाहेरही जाऊ देत नाही, मग दोन दिवस पाय भिजत घातलेले. वजनही जोडीला किलोभर किंवा जास्तच.

जंगल बूट, ते कॅनव्हासचे हिरवे, स्वस्त आणि दणकट, पण तळ पातळ, सवय असलेल्यानेच घालावेत.

फ्लोटर्स, म्हणजे पट्ट्यांच्या सँडल, घालून अख्खी रेंज करणारे लोक आहेत, गावातले दादा तर साध्या रबरी बुटांत किंवा चपलेत आपल्याला मागे टाकून जातात, पण त्यांचे पाय लहानपणापासून त्या वाटांवर तयार झालेत, आपण ऑफिसात एसीत बसणारे. वाटेत खाजकुयली आहे, फुरसं (विषारी साप) आहे, बोटं उघडी ठेवून चालायला मी तरी सांगणार नाही. ओढा ओलांडायला आणि मुक्कामी गुहेत फिरायला मात्र एक हलकी जोडी सॅकला अडकवा, संध्याकाळी पाय मोकळे होणं फार गरजेचं असतं.

जिमचे किंवा रस्त्यावर पळायचे स्पोर्ट्स शूज: नको. सपाट सोल, घसाऱ्यावर सरळ खाली.

मग ग्रुपमध्ये कोणाला काय? ऑक्टोबर ते फेब्रुवारी जात असाल तर जड सॅकवाले आणि घोटा आधी मुरगळलेले लोक हाय अँकल घेऊ देत, बाकीच्यांना अ‍ॅक्शन किंवा ट्रेल शूज पुरे. पावसाळ्यात वॉटरप्रूफचा हट्ट सोडा, मऊ रबर आणि लवकर सुकणारं काहीही चालेल. पहिल्यांदा येणाऱ्याकडे आधीच चांगल्या पकडीचे, पायात बसलेले जुने शूज असतील तर त्याला खर्चात पाडू नका. नवे घेतलेच तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, ट्रेकचेच मोजे घालून बघा, आणि पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर तोलार खिंडीकडून खिरेश्वरला उतरताना बोटं पुढे आपटून आपटून नखं काळीनिळी होतात. नखं आदल्या दिवशी कापा. कोरे शूज डायरेक्ट रेंजला आणू नका, आधी एखादा सिंहगड नाहीतर पेठचा किल्ला (कोथळीगड) करून या. मोजे सुती नकोत, ओले राहतात आणि फोड तिथूनच सुरू होतात. टाच घासतेय असं वाटलं की लगेच थांबून मायक्रोपोर (मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी) चिकटवायचा, पुढच्या ब्रेकला बघू म्हणणाऱ्याला फोड झालेला असतो.

अजून एक, माळ्यावर पडलेले महागडे शूज. ज्यांचा सोलचा मधला थर पीयूचा (पॉलियुरेथेन फोमचा) असतो ते न वापरतासुद्धा हवेतल्या दमटपणाने आतून सडतात. आमच्यातल्या एकाचे तसेच होते, वरून अगदी नवे, कात्राबाईच्या चढावर टाचेकडून सोल सुटला आणि दर पावलाला फटाक फटाक वाजायला लागला. बोटाने दाबलं तर आतला थर बिस्किटासारखा चुरत होता, त्यामुळे फेविक्विकचा उपयोगच नाही, शेवटी सुतळीने गुंडाळून पाचनईपर्यंत आला बिचारा आणि सुतळी कातळावर घासून तीनदा बदलावी लागली. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी प्रत्येकाने सोल हाताने वाकवून बघायचा, आणि लीडरच्या सॅकमध्ये जादा नाडी, सुतळी आणि रुंद चिकटपट्टी हवीच, ती पट्टी पाण्याच्या बाटलीला गुंडाळून नेली की जागाही जात नाही.