जुनी पेटी खरंच जर्मन आहे का ते इथं कळलं (4 स्टार)

आमच्या घरी आजोबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम आहे, गावात गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला वर्षानुवर्षं तीच वाजली आणि अख्ख्या गावाला पाठ आहे की "जर्मनची पेटी हाय ते". मागच्या दिवाळीत जुन्या वस्तू घेणारा एकजण गाडी घेऊन आला, पाच हजार देतो म्हणे, आणि पट्ट्या हस्तिदंताच्या असल्या तर अजून दोन. बाबा देऊनच टाकत होते, मी म्हटलं थांबा जरा, कोणाला तरी दाखवू. मग गोधडीत गुंडाळून दारव्ह्याहून एसटीनं अमरावतीला या पेटी दुरुस्तीच्या दुकानात आणली, कंडक्टरनं तिचं वेगळं तिकीट घेतलं ते सोडा.

दुकान एवढंसं, बाहेरून वाटतं फोटोला फ्रेमा करून देत असतील. दुकानदार काकांनी किंमत-बिंमत काही सांगितली नाही, पहिले पट्टीवर अंगठा खसाखसा घासला आणि म्हणाले वास घ्या. कापूर! "हस्तिदंत नोहे भाऊ, सेल्युलॉइड हाय, त्याच्यात कापूर राह्यते." हायसं वाटलं, कारण हस्तिदंत विकणं वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे आणि तो गाडीवाला खुशाल भर चौकात विचारत होता.

मग रीडबोर्ड, म्हणजे सूर काढणाऱ्या पितळी जिभा (रीड) बसवलेली फळी, बाहेर काढला. 39 पट्ट्या, खर्ज (खालच्या सुराचे) आणि नर (मधल्या सुराचे) अशा रीडच्या दोन ओळी, म्हणजे 78 रीड, त्यातला एकेक रीड नखानं वाजवून पाहिला, मी तोवर दोन चहा संपवले. शेजारी स्वतःकडचा गुजरातेतल्या पालिताण्याचा रीड ठेवून दोन्हींची घासाई दाखवली, फरक माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसला. 67 रीड जर्मन, 11 नंतर कोणीतरी बदललेले पालिताण्याचे. पण खोका सागवानी, इथलाच! म्हणजे जर्मनीहून आले ते फक्त सूर. काका म्हणाले पायानं भाता मारायची पेटी युरोपातून आली, हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवायची पेटी कलकत्त्याला घडली, द्वारकानाथ घोषांच्या द्वारकिन कंपनीचं नाव त्यात घेतात. आमच्या पेटीवर मात्र कोणाचीच पाटी नाही.

पण भात्याच्या आत सांध्यावर चिकटवलेला बंगाली पेपरचा तुकडा निघाला, मोबाईलवर वाचून घेतला तर कसल्यातरी तेलाची जाहिरात, किंमत आण्यात. नवे पैसे 1957 ला आले, म्हणजे पेटी बहुधा त्याच्या आधीची. आजोबा म्हणायचे इतवारीतून आणली, नागपूरला कापूस विकून, ते जमतंय. तेव्हा आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, 1940 पासून 1971 पर्यंत, आणि आमच्या मारुतीच्या देवळात रोज वाजत होती.

किंमत? दुरुस्त करून अठरा-वीस हजार, तीही रीडमुळं. "लाखाचं सोडा, पाटी नाही तर नाव नाही, आवाज पहा." विकायचा आग्रह अजिबात केला नाही, उलट भात्याचं चामडं उंदरानं कुरतडलेलं बदलून, सूर मिळवून साडेसहा हजारात परत दिली. रीड टोकाला खरवडला की सूर चढतो आणि मुळाशी खरवडला की उतरतो, हेही दाखवलं.

एक स्टार कापला कारण पंधरा दिवस सांगून अडीच महिने लावले, पावती नाही, फोन केला तर "हाव, होते उद्या". आणि मधल्या सप्तकातली एक पट्टी पावसाळ्यात अजून अडकते, भजनीबुवा तिथं मुद्दाम जोरात टाळ वाजवतात. किंमत कळल्यापासून मोठे काका पेटीतला हिस्सा मागताहेत तो दुकानाचा दोष नाही.

जाणार असाल तर सोमवार सोडून जा, दुकान बंद राहते. आम्ही पहिल्यांदा सोमवारीच गेलो होतो, गोधडी घेऊन.